आधी इंजिन ठरू दे

गेम बनवणाऱ्या माणसाला त्याचा गेम कुठवर आला, हे कधी विचारू नये. तो चहाचा घोट घेतो, खिडकीबाहेर बघतो आणि "चाललंय" एवढंच म्हणतो. त्याऐवजी "इंजिन कुठलं घेतलंस रे?" असं विचारावं. मग तो खुर्ची पुढे ओढतो, मोबाइल उलटा ठेवतो, आणि तुमची शेवटची बस चुकते.

हिंजवडीच्या कंपन्यांमध्ये दिवसा कुठल्यातरी परदेशी बँकेचं नाहीतर विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळणारे आणि रात्री जेवणं उरकली की 'स्वतःचा गेम' घेऊन बसणारे बरेच लोक माझ्या ओळखीचे आहेत. मी त्यांच्यातलाच एक. या मंडळींकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट दिसते. यांच्या कष्टांपैकी फार थोडे गेमवर खर्च होतात. उरलेले सगळे युनिटी घ्यावं, अनरियल घ्यावं की गोडो, या एका प्रश्नावर. त्यासाठी तुलनेचे व्हिडिओ पाहिले जातात, एक्सेलमध्ये रकाने आखले जातात, मित्रांशी भांडणं होतात. आणि खरं सांगायचं तर गेम करण्याच्या सगळ्या उद्योगात यापेक्षा सुखाचा काळ नाही. गेम अजून झालेलाच नसल्यामुळे त्यात एकही बग नसतो. खेळून नावं ठेवणारा कोणी नसतो. "आधी इंजिन ठरू दे" एवढं म्हटलं की दिवाळीपर्यंत कोणी काही विचारत नाही.

इंजिन म्हणजे काय ते चटकन उरकतो. पात्रानं उडी मारली की ते खाली यावं, भिंतीला धडकलं की आरपार जाऊ नये, दिवा लावला की सावली पडावी, बटण दाबलं की आवाज यावा, ही सगळ्या गेमना लागणारी कामं आधीच करून ठेवलेलं सॉफ्टवेअर म्हणजे इंजिन. १९९३ साली आलेल्या 'डूम'नं ही कल्पना रूढ केली. त्यात चालवणारा कोड एकीकडे आणि राक्षस, नकाशे, आवाज हा सगळा माल दुसरीकडे, अशी वाटणी होती. माल बदलला की त्याच कोडवर नवा गेम उभा राही. त्याआधी ज्यानं त्यानं आपलं आपण लिहायचं अशी पद्धत होती, आणि काही लोकांनी ती नंतरही सोडली नाही. 'रोलरकोस्टर टायकून' हा १९९९ सालचा गेम ख्रिस सॉयर यानं जवळजवळ सगळा असेंब्ली भाषेत लिहिला. म्हणजे प्रोसेसरच्या कानाशी लागून, एकेक सूचना देत. आज कोणी असं करायला घेतलं तर घरचे डॉक्टरकडे नेतील.

आता निवडायला इतकं काही आहे की निवडणं हाच पूर्णवेळचा उद्योग झाला.

सुरुवात अनरियलपासून करू, कारण बहुतेकांची स्वप्नं तिथूनच सुरू होतात. मराठी गेम डेव्हलपरचं पहिलं स्वप्न ठरलेलं असतं: शिवकाळावरचा ओपन वर्ल्ड गेम. सगळा सह्याद्री, सगळे किल्ले, खऱ्या प्रमाणात. घोड्यावर बसून राजगडावरून निघायचं ते थेट जिंजीपर्यंत. टीम किती जणांची? दोघांची. वेळ किती? शनिवार-रविवार, त्यातही एका रविवारी सासऱ्यांच्या साठीची शांत आहे. पण पावसाळ्यातलं गवत वाऱ्यावर असं हललं पाहिजे की बघणाऱ्याला गारवा लागावा, यावर तडजोड नाही. आणि गवत म्हटलं की अनरियल.

मग ते उतरवून घेणं सुरू होतं. कित्येक जीबींचा मामला असतो. घरातल्या वायफायवर मुलांचा क्लास चालू असतो, तो अडकतो, बायको विचारते, "काय चाललंय तुझं?" हा म्हणतो, "सह्याद्री येतोय." तो आला की लॅपटॉपचा पंखा असा फिरू लागतो की शेजारचे मिक्सर लावल्याची चौकशी करतात. पडद्यावर 'कंपायलिंग शेडर्स' ही अक्षरं उमटतात आणि त्यापुढचा हजारांतला आकडा निवांतपणे उतरू लागतो. ज्याला कोणाला वाचनाची सवय लावून घ्यायची असेल त्यानं अनरियल घ्यावं. या आकड्यापायी कादंबऱ्या वाचून झालेली माणसं आहेत.

अनरियलमध्ये कोड लिहायची भाषा सी प्लस प्लस. ती नको असेल तर ब्लूप्रिंट नावाची सोय आहे. त्यात चौकोन मांडायचे आणि ते तारांनी जोडायचे. सुरुवातीला चार चौकोन, सहा तारा, दार उघडतं, माणूस हरखून जातो. महिन्याभरानं त्याच पडद्यावर असा गुंता झालेला असतो की दार का उघडतं ते त्यालाच कळत नाही, आणि मग कळायला नको म्हणून तो तिकडे फिरकत नाही.

पण अनरियलच्या चर्चेतला सगळ्यात रंगणारा विषय गवत नसून पैसे हा आहे. अनरियल फुकट मिळतं. गेमची एकूण कमाई दहा लाख डॉलरच्या वर गेली की वरच्या रकमेवर ५ टक्के रॉयल्टी द्यायची. दहा लाख डॉलर म्हणजे आठ कोटींहून जास्त रुपये. माझा एक सहकारी या ५ टक्क्यांनी इतका अस्वस्थ झाला की त्यानं अनरियल नाकारलं.

"पाच टक्के म्हणजे काय थोडे झाले का? आयुष्यभर देत बसायचं?"

"अरे, पण आधी आठ कोटी मिळायला हवेत."

"ते मिळतील रे. प्रश्न तत्त्वाचा आहे."

ज्या स्टीम दुकानावर हा गेम विकायचा ते पहिल्या डॉलरपासून ३० टक्के कापून घेतं, हे त्याला माहीत होतं. त्याबद्दल त्याची काहीच तक्रार नव्हती. ते तत्त्व बहुधा वेगळं असावं.

तरी अनरियलच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करायला हवी, आणि ती पुण्यातलीच आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या इथल्या छोट्या चमूनं अनरियल ४ वापरून 'राजी: ॲन एन्शन्ट एपिक' केला. २०२० साली तो आधी निंटेंडो स्विचवर आला, आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम स्वतंत्र गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. त्यात अख्खा सह्याद्री नाही. एक मुलगी आहे, तिचा पळवून नेलेला भाऊ आहे, दुर्गेनं दिलेलं त्रिशूल आहे, आणि काही तासांत संपणारी गोष्ट आहे. आमच्या मंडळींना हा गेम दाखवला की ती माना डोलावतात, "छान आहे, पण ओपन वर्ल्ड नाही" असं म्हणतात आणि पुन्हा गवताकडे वळतात.

युनिटीची कथा याहून गमतीची आहे. कोपनहेगनमधल्या तिघा तरुणांनी २००५ साली 'गूबॉल' नावाचा एक गेम काढला. तो फारसा चालला नाही. पण तो करताना त्यांनी स्वतःसाठी जी हत्यारं तयार केली होती ती मात्र चांगली निघाली. मग त्यांनी ती विकायला काढली, त्याचंच पुढे युनिटी झालं. म्हणजे न चाललेल्या गेममधून इंजिन जन्माला आलं, आणि आता त्या इंजिनात जगभर न चालणारे गेम होत असतात. चालणारेही होतात, नाही असं नाही. 'हॉलो नाइट' युनिटीतलाच. फोनवरच्या गेममध्ये तर युनिटीचं राज्य आहे, आणि आपल्याकडे गेम म्हणजे मुख्यतः फोनवरचाच, तेव्हा नोकरीच्या जाहिरातीतही तेच नाव येतं.

युनिटी शिकणं सोपं, कारण शिकवणारे असंख्य आहेत. अडचण एवढीच की प्रत्येक जण वेगळं युनिटी शिकवतो. आवृत्त्यांचे आकडेच बघा. पाच झालं, मग २०१७ आलं, २०१८ आलं, असं करत २०२२ आणि २०२३ आलं, आणि त्यानंतर २०२४ साली सहा आलं. नव्यानं शिकायला लागलेल्या माझ्या भाच्यानं विचारलं, "मामा, दोन हजार तेवीस मोठं की सहा मोठं?" गणितात तो हुशार आहे, म्हणून त्याला जास्त त्रास झाला.

चित्र रंगवायच्या पद्धतीही युनिटीत तीन. एक जुनी, एक हलकी, एक भारी. एका पद्धतीसाठी विकत घेतलेलं झाड दुसरीत लावलं की ते भडक गुलाबी होतं. झाडच नव्हे, घर, दगड, गाय, नायक, सगळं गुलाबी. ज्यानं युनिटीवर काम केलंय त्याला तो गुलाबी रंग मरेपर्यंत विसरता येत नाही. आणि कुठल्याही सोयीबद्दल विचारलं तर उत्तर बहुधा असं मिळतं की जुनी आहे ती बंद होणार आहे, वापरू नका. नवी आहे ती पूर्ण झालेली नाही, वापरू नका. मधल्या काळात काय वापरायचं यावर कोणी बोलत नाही.

एवढं असूनही लोक युनिटीत सुखानं नांदत होते. मग १२ सप्टेंबर २०२३ उजाडला. त्या दिवशी कंपनीनं जाहीर केलं की १ जानेवारी २०२४ पासून 'रनटाइम फी' लागू होईल. ठरावीक मर्यादा ओलांडलेला गेम जितक्या वेळा कोणाच्या यंत्रावर बसवला जाईल, तितक्या वेळा पैसे. फुकटातली आवृत्ती वापरणाऱ्याला दर इन्स्टॉलमागे २० सेंट.

हे म्हणजे घरमालकानं भाड्याच्या घरी येऊन सांगावं की जानेवारीपासून तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यामागे अमुक रक्कम द्यायची. पाहुणा जेवून गेला की नुसतं पाणी पिऊन, याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही. बरं, तोच पाहुणा छत्री विसरली म्हणून पुन्हा आला तर? पहिल्या दिवशी उत्तर मिळालं, दोनदा मोजू. आरडाओरडा झाल्यावर, नाही नाही, एकदाच मोजू. चोर शिरला तर? ते बघू. आणि हे पाहुणे मोजणार कोण? मालकच मोजणार, आणि कसे मोजणार ते त्याचं खासगी गणित, तुम्हाला दाखवणार नाही.

त्या आठवड्यात आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये जे वातावरण होतं ते मी विसरणार नाही. फी लागायला गेमची बारा महिन्यांची कमाई दोन लाख डॉलर आणि एकूण इन्स्टॉल दोन लाख, या दोन्ही मर्यादा ओलांडाव्या लागणार होत्या. ज्यांचा गेम घरातल्या चार फोनांपलीकडे गेला नव्हता, आणि त्यातल्या एका फोनवरून आईनं जागा कमी पडते म्हणून काढूनही टाकला होता, त्यांचा संताप सगळ्यात मोठा होता. "आपल्याला बुडवणार हे लोक!" असं ते म्हणत आणि बटाटेवडा घेत. त्या संतापाला हसायचं खरं तर कारण नाही. वर्षानुवर्षं एका इंजिनावर काम करून बाजारात आणलेल्या गेमचे नियम मागाहून बदलणं ही गंभीर गोष्ट होती, आणि ज्यांची पोटं त्यावर होती ते लोक खरोखरच घाबरले. 'स्ले द स्पायर' करणाऱ्या मेगा क्रिटनं फी मागे घेतली नाही तर आपण दुसऱ्या इंजिनावर जाऊ असं जाहीर केलं, आणि पुढचा भाग गोडोवर नेला. 'टेरारिया'च्या री-लॉजिकनं गोडोला आणि एफएनए या दुसऱ्या प्रकल्पाला प्रत्येकी एक लाख डॉलर देऊन टाकले.

दहाच दिवसांत कंपनीनं माफी मागून नियम बरेच सौम्य केले. ऑक्टोबरात मुख्याधिकारी जॉन रिचिटेलो पायउतार झाले. बरोबर वर्षानं, १२ सप्टेंबर २०२४ ला, नव्या मुख्याधिकाऱ्यांनी गेमसाठीची ही फी रद्दच केली. वर्गणी मात्र वाढवली. फी एकाही चार फोनवाल्याला कधी भरावी लागली नाही. पण "मी युनिटी सोडलं" हे वाक्य म्हणायची संधी सगळ्यांना मिळाली, आणि त्या वाक्यातला रुबाब गेम पूर्ण करूनही मिळत नाही.

सोडून जायचं कुठे? तर गोडोकडे.

गोडो अर्जेंटिनाच्या ह्वान लिनिएत्स्की आणि एरियल मान्सूर यांनी सुरू केलं आणि २०१४ साली मुक्त केलं. लायसन्स एमआयटीचं, म्हणजे रॉयल्टी नाही, फी नाही, उद्या कोणाचा विचार बदलला तरी तुमच्याकडची प्रत तुमचीच. नाव बेकेटच्या नाटकावरून घेतलेलं. त्या नाटकात दोघे जण गोदोची वाट बघत बसतात आणि तो शेवटपर्यंत येत नाही, हे आपल्याकडच्या प्रायोगिक नाटकवाल्यांना पाठ आहे. गोडोवाल्यांनीही हे नाव जाणूनबुजूनच घेतलं आहे. इंजिनात आणखी सोयी हव्यात ही इच्छा कधी संपत नाही आणि ते कधी 'पूर्ण' होत नाही, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. एवढा प्रामाणिकपणा सॉफ्टवेअरच्या धंद्यात दुर्मीळ.

गोडो उतरवून घ्यायला फार वेळ लागत नाही, कारण त्याचा आकार अनरियलमधल्या गवताच्या एका तुऱ्याएवढा आहे. बसवावं लागत नाही, फाईल उघडली की झालं. चहाला उकळी येण्याआधी तुम्ही रिकाम्या करड्या पडद्यासमोर बसलेले असता. आणि इथेच घोटाळा होतो. अनरियल निदान दोन दिवस डाउनलोड होत असतं, शेडर्स होत असतात. तोवर माणसाला आपण गेम बनवतोय असं वाटतं. गोडो लगेच उघडतं आणि विचारतं, बोला, काय करायचंय? इतक्या थेट प्रश्नाची सवय नसल्यामुळे बरेच लोक ते बंद करून पुन्हा तुलनेचे व्हिडिओ पाहायला जातात.

जे टिकतात ते भक्त होतात. गोडो वापरणारा माणूस खोलीत कसा ओळखावा असं विचाराल तर, ओळखावा लागत नाही. तुम्ही साधं "माझ्या युनिटीत आज एक एरर आला" असं म्हटलं की तो कुठूनतरी उगवतो.

"गोडोत असा एररच येत नाही."

"बरं. पण प्लेस्टेशनवर नेता येतो का गेम?"

यावर तो जरा थांबतो. कन्सोल कंपन्यांची साधनं गुप्ततेच्या करारात बांधलेली असतात, ती मुक्त कोडमध्ये जाहीर टाकता येत नाहीत, म्हणून तिथे न्यायचं तर कोणा जाणकाराला पैसे देऊन ते काम करवून घ्यावं लागतं. हे सगळं तो नीट समजावून सांगतो आणि शेवटी विचारतो, "पण तुझा गेम प्लेस्टेशनवर जाणार आहे का?" प्रश्न योग्य असतो, म्हणूनच लागतो.

या तिन्हींच्या पलीकडे एक जमात आहे. ती इंजिन निवडत नाही, स्वतः लिहिते. "दुसऱ्याच्या कोडवर विसंबून राहायचं म्हणजे..." असं म्हणून हे लोक वाक्य अर्धवट सोडतात. त्यातला एक माझ्या परिचयाचा आहे. त्याचं लग्न ठरलं तेव्हा त्याच्या इंजिनात पडद्यावर एक त्रिकोण दिसत होता. त्याची मुलगी आता बालवाडीत जाते आणि त्रिकोणाचा घन झाला आहे. तो फिरतो. त्याची सावलीही पडते, फार सुंदर पडते. गेम कधी, असं विचारलं तर म्हणाला, "आता हे सगळं रस्टमध्ये नव्यानं लिहायला घेतलंय." रस्ट भाषेत गेमपेक्षा गेम इंजिनंच जास्त आहेत असा विनोद त्या भाषेचे लोकच करतात, आणि ते करताना हसत नाहीत.

इंजिन बदलण्याच्या हौसेचं स्मारक कुठे असेल तर ते टेक्सासमध्ये. '३डी रिअल्म्स' या तिथल्या कंपनीनं १९९७ च्या एप्रिलमध्ये 'ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर' जाहीर केला. इंजिन ठरलं होतं: क्वेक २ चं. १९९८ च्या उन्हाळ्यात त्याची झलक दाखवली, लोक खूश झाले, आणि त्यानंतर लगेच कंपनीनं जाहीर केलं की आता आम्ही अनरियल इंजिनावर जातोय. का? तर ते जास्त चांगलं दिसतं. झालेलं काम बाजूला पडलं. पुढे तेही जुनं वाटू लागलं, मग त्यात सुधारणा, दुरुस्त्या, नवं काही दिसलं की तेही हवं. २००९ साली पैसे संपले आणि टीमला घरी पाठवावं लागलं. शेवटी गिअरबॉक्स या दुसऱ्या कंपनीनं तो पुरा केला आणि २०११ च्या जूनमध्ये तो बाजारात आला. जाहीर झाल्यापासून १४ वर्षांनी. खेळणाऱ्यांनी खेळला आणि 'जुनाट वाटतो' असा शेरा दिला. ही गोष्ट मी आमच्या मंडळींना सांगितली. एकानं फार विचार करून म्हटलं, "त्यांनी सुरुवातीलाच अनरियल घ्यायला हवं होतं."

आणि जो खेळतो त्याला काय दिसतं? 'बालाट्रो' हा पत्त्यांचा गेम २०२४ साली आला आणि वर्षभरात त्याच्या पन्नास लाख प्रती खपल्या. तो एका माणसानं लुआ भाषेत, 'लव्ह' नावाच्या एका साध्याशा फ्रेमवर्कवर केला आहे. 'अंडरटेल' गेममेकरमध्ये झाला. 'स्टारड्यू व्हॅली' एरिक बरोन यानं एकट्यानं एक्सएनएवर केला, आणि एक्सएनए मायक्रोसॉफ्टनं पुढे वाऱ्यावर सोडून दिलं. 'सेलेस्ट'च्या निर्मात्यांनी नायिकेच्या हालचालींचा कोड जगाला दाखवला, तर तो पाच हजारांहून जास्त ओळींची एकच फाईल निघाली. आमच्या ऑफिसात अशी फाईल दिली असती तर रिव्ह्यू करणाऱ्यानं घरी फोन केला असता. त्या नायिकेच्या उडीवर मात्र जग फिदा आहे. 'फॉलआउट ३'च्या पुरवणीत मेट्रोतून जायचा प्रसंग आहे. इंजिनात चालत्या गाडीची सोय नव्हती, म्हणून करणाऱ्यांनी मेट्रोचा डबा ही अंगावर चढवायची वस्तू केली आणि ती खेळाडूलाच घातली. म्हणजे पडद्यावर तुम्ही मेट्रोतून जात असता, आणि आत खोलवर एक माणूस मेट्रो घालून रुळांवरून चाललेला असतो. कोणाला कळलंही नाही. ज्यांना नंतर कळलं त्यांना तो गेम जास्तच आवडू लागला.

मी माझा गेम आईला दाखवला तेव्हा तिनं इंजिनाची चौकशी केली नाही. ती म्हणाली, "ही बाई दारातच का उभी आहे? आत का जात नाही?" दार उघडण्याचा कोड अजून व्हायचा होता. गेम्सवर झालेली इतकी नेमकी टीका मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

निवड मुळीच करू नये असं माझं म्हणणं नाही. तिला अर्थ आहे, फक्त ती एका संध्याकाळपेक्षा मोठी नाही. एकटे असाल, गेम सपाट द्विमितीय असेल आणि खिसा रिकामा असेल तर गोडो घ्या. फोनवर विकायचा असेल, जाहिरातींवर चालवायचा असेल किंवा या धंद्यात नोकरी हवी असेल तर युनिटी. चार-सहा जण असाल, खोल त्रिमितीय जग हवं असेल आणि यंत्र दणकट असेल तर अनरियल. ज्यातलं तुम्हाला आधीच थोडं येतं ते या तिन्हींपेक्षा चांगलं. यापलीकडचा प्रत्येक व्हिडिओ ही करमणूक आहे. ती करावी, पण तिला काम म्हणू नये.

दहा मिनिटं चालणारा गेम झाला तरी मला पाठवा, मी मनापासून खेळेन आणि कसा वाटला ते कळवेन. इंजिन कोणतं ते मात्र लिहू नका. तो विषय निघाला की रात्र जाते, आणि सकाळी आठला माझी बँकेच्या लोकांबरोबर मीटिंग असते.